पोटाला सहा गाठी

लिंबायत, सुरत
ता. १५ जानेवारी १९६८

आबा,

वर तीर्थरूप लिहिलेलं नाही आणि साष्टांग नमस्कारही नाही. विसरलो म्हणून नव्हे. थोरला भाऊ म्हणून आजवर पत्रात तुला 'तुम्ही' म्हणत आलो, तेही आजपासून बंद. समोर असतो तर जसं बोललो असतो तसंच लिहितो, म्हणजे नीट लागेल.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी पाळी सुटून आलो, तर खोलीच्या दाराशी दगामामा आणि आई बसलेले. मी पाया पडायला वाकलो, तर आईनं मला सरळ उभं केलं, माझा सदरा वर उचलला आणि पोटावर हात ठेवून बोटांनी मोजायला लागली. सहा भरल्यावर तिनं तिथेच ओट्यावर गळा काढला. शेजारची पुष्पाबाई, जिच्याकडे मी डबा लावलाय, ती कणकेच्या हातांनी धावत आली. तिला वाटलं गावाकडे कुणीतरी गेलं. दगामामा खाली बघून म्हणाला, अजून कोणी गेलं नाही.

मी चक्रावलो. मग हळूहळू एकेक बाहेर आलं, आणि आबा, तेव्हापासून माझं डोकं तापलंय ते अजून उतरलेलं नाही.

कार्तिकात मी तुला पत्र लिहिलं होतं. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत, कारण ती लिहिताना मी खूश होतो. 'पोटाला सहा गाठी आल्या आहेत. अजून दोन येतील असं मगनकाका म्हणतात. त्या आल्या की माझा नंबर नक्की लागेल.' एवढंच. मगनकाका म्हणजे इथल्या व्यायामशाळेचे, हे तुला आधीच्या पत्रात कळवलेलं. नंबर म्हणजे शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेतला. आणि गाठी म्हणजे काय हे मी तुला सांगू? तुला? रोज पाचशे जोर मारणाऱ्या हिलाल पैलवानाला? तुझ्याच दंडाची गाठ दाबून बघत मी लहानाचा मोठा झालो.

आणि तू हे पत्र आईला जसंच्या तसं वाचून दाखवलंस आणि गप्प बसलास. तिला वाटलं पोरगा चालला. पोटात सहा गाठी, डॉक्टर मगन म्हणतो आणखी दोन येतील, आणि मग नंबर. ती रडत होती तेव्हा तू काय करत होतास? म्हशीला पाणी दाखवत होतास?

तिनं कानबाईला नवस बोललाय. माझ्या पोटातल्या सगळ्या गाठी विरघळेपर्यंत भाकरी, पोळी, भात काही तोंडात घालायचं नाही. दिवसातून एकदा मूठभर भगर. मार्गशीर्षापासून हे चाललंय, तुझ्या डोळ्यांदेखत. तिच्या हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत वर जातात.

मी तिला सांगितलं, आई, हा आजार नाही, हे कमावलेलं आहे. पुष्पाबाईनं सांगितलं. नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी मला झोपवून, ठोकून, हसून सांगितलं. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, "हिलाल काय खोटं वाचस का रे?"

 तिच्या लेखी तू खोटं वाचत नाहीस.

तेव्हा ताबडतोब एक पोस्टकार्ड टाक. लिही, की गाठी म्हणजे स्नायू, निंबा ठणठणीत आहे, मला कळत होतं पण मी सांगितलं नाही. पुष्पाबाई वाचून दाखवील, म्हणजे मी पदरचं घातलं असं आईला वाटणार नाही. गेल्या चैत्रात जत्रेच्या कुस्तीला मी आलो नाही, गावासमोर तुझी मान खाली गेली, याचा राग तुला आहे हे मला ठाऊक आहे. तो माझ्यावर काढ. तिच्यावर नको.

निंबा

अक्षर वाकडं आलंय ते थंडीमुळे.


लिंबायत, सुरत
ता. ४ फेब्रुवारी १९६८

आबा,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी लिहायला तुला अठरा दिवस लागले. 'तुझं पत्र अक्षरशः वाचलं. एक शब्द पदरचा घातला नाही. ज्याला आखाडा नको, त्यानं आखाड्याच्या भाषेत लिहू नये.'

वा. हे मी आईला वाचून दाखवू? पुष्पाबाईनं ते कार्ड वाचलं, पदराआड धरलं आणि आईला सांगितलं की गावाकडे सगळं क्षेम आहे. आई म्हणाली, म्हणजे गाठींचं त्यानं काहीच लिहिलं नाही ना, मग मी म्हणत होते तेच खरं.

तुला आखाड्याची भाषा पाहिजे ना? ऐक. तुझ्या आखाड्यात मी नऊ वर्षं माती खाल्ली. तू सांगितलंस तेवढं तूप प्यालो, तू म्हणालास त्याच्याशी लढलो. पोट सुटलं तरी तू म्हणायचास, पैलवानाला पोट पाहिजे, ते खाली धरून ठेवतं. तू मला कधी विचारलं नाहीस की मला काय पाहिजे. मग दुष्काळात जमिनीनं हात वर केले आणि तूच मला सुरतेला धाडलंस, लूमवर कापड विणायला. इथे येऊन हे चौथं वर्ष, चार लूम सांभाळतो. आवाज एवढा, की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात. मुकादम मला 'ए खानदेशी' म्हणतो. शेटला तर मी दिसतच नाही, त्याला कापड दिसतं. आणि तू मला चैत्रात एका दिवसासाठी बोलावणार, लंगोट नेसवून गावासमोर उभं करणार, आणि जिंकलो तर लोक म्हणणार, हिलालचा भाऊ.

व्यायामशाळेत मगनकाकांनी पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं. पूर्ण नाव. निंबा चिंधा पाटील. तीन मार्चला टाऊनहॉलपाशी मांडव पडणार आहे, तिथे भोंग्यातून हे नाव पुकारणार आहेत. वडिलांचं नाव सुरतेत भोंग्यातून. मला ते ऐकायचंय. तुला हे चोचले वाटतील, वाटू देत.

या पोटासाठी मी काय केलं तेही लिहितो, कारण तुला वाटतं मी आरशासमोर उभा राहून फुशारतोय. तूप सोडलं, गूळ सोडला, भात सोडला. संक्रांतीला सबंध गल्ली छपरावर पतंगाला चढली होती, खाली उंधियूचा वास सुटला होता आणि मी उकडलेले हरभरे मोजून खात होतो. पहाटे तापीच्या पुलापर्यंत पळत जाऊन येतो. मग उताणं पडून पाय वर खाली, पोटात कळ येईपर्यंत, आणि आली की आणखी वीस. मगनकाका म्हणतात, गाठी कुणाला नव्यानं येत नाहीत, त्या प्रत्येकाला असतातच, वरची चरबी उतरली की दिसतात. आता स्पर्धेपर्यंत मीठही बंद केलंय, त्यानं कातडी आणखी चिकटते.

आणि याचंच आईला भय वाटतं. पुष्पाबाईचा डबा अर्धा परत जातो, तो ती झाकण उघडून बघते. तिच्या मते हे आजाऱ्याचंच लक्षण, अन्नावरून मन उडालं की माणूस संपला. मी तिला म्हणतो, आई, तू जेव. ती म्हणते, आधी तू जेव. पुष्पाबाई म्हणते, माझ्या बारा वर्षांच्या डब्याच्या धंद्यात अशी खोली पाहिली नाही, दोघं बसलेत आणि स्टोव्ह थंड. दोघांना सारखंच झापते ती.

आईला भगरही जात नाही. दोन घास झाले की ताट सरकवते, म्हणते पोट भरलं. मी म्हणतो हा हट्ट आहे. घरातल्या सगळ्यांचा हट्ट एकाच विहिरीचं पाणी पितो.

नीट कार्ड लिही. आता तारखा कमी राहिल्यात.

निंबा

अंगठ्याला चिंधी बांधलीय म्हणून अक्षर असं. लूमचा धोटा लागला. थंडी बिंडी काही नव्हती.


लिंबायत, सुरत
ता. १९ फेब्रुवारी १९६८

आबा,

तू लिहिलं नाहीस म्हणून मी लिहिलं. तुझ्या नावानं. होय, खोटं कार्ड. तुझं वळण मला येतं, शाळेत तुझ्या सह्या मीच करायचो. पुष्पाबाईनं ते मोठ्यानं वाचलं. 'आई, निंबाला काही झालेलं नाही, गाठी म्हणजे ताकद.' आई शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, हे हिलालचं नाही. का, तर तुझ्या पत्रात आधी म्हशीची हकिकत असते. मी म्हशीला विसरलो. मी लबाड ठरलो आणि तू आणखी खरा.

आता खरी बातमी. परवा सकाळी अंघोळ करून आरशात पाहिलं, तर बेंबीखाली दोन्ही बाजूंना त्या उरलेल्या दोन उठून आल्या होत्या. स्वच्छ, रेघ मारल्यासारख्या. चौदा महिने ज्यासाठी जीव काढला ते समोर होतं. मला ओरडावंसं वाटलं. मागे वळलो तर आई उभी. तिनं टॉवेल बाजूला केला आणि हात फिरवला.

"सहा व्हत्यात," ती म्हणाली. "आते आठ व्हयन्यात."

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पिशवीतून भगरीची पुडी काढली आणि पुष्पाबाईला देऊन आली. आता फक्त चहा आणि पाणी. देवीला सहा गाठींचा नवस पुरला नाही, असा तिचा हिशेब आहे.

मी तिच्यावर ओरडलो, आबा. आईवर. म्हणालो, मरायचं असेल तर गावाला जाऊन मर, माझ्या उरावर नको, माझी स्पर्धा तेरा दिवसांवर आलीय. हे वाक्य मी बोललो. तुला लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते. ती म्हणाली, बरं, आणि माझा सदरा धुवायला घेतला.

व्यायामशाळेत मगनकाकांनी पोट बघून पाठीवर थाप मारली. "हवे तू तैयार छे," म्हणाले, म्हणजे आता तू तयार झालास. मी त्यांना घरचं काही सांगितलं नाही. अंगठ्याचंही खरं सांगितलेलं नाही. चक्कर आली होती. लूमवर उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधार झाला आणि हात धोट्याच्या वाटेत गेला. मुकादमानं चार दिवस घरी बसवलं. हे तू आईला कळवलंस तर याद राख.

कळवणार कसा म्हणा. तू लिहितोस कुठे.

निंबा


लिंबायत, सुरत
ता. २५ फेब्रुवारी १९६८

आबा,

उद्यापासून मी खाणार आहे. भात, मीठ, तूप, सगळं, आणि वर घागरभर पाणी. मगनकाकांनी एकदा सांगितलं होतं, काही आठवडे मीठ सोडलेला माणूस एकदम मीठ खाऊन पाणी प्याला, की दोन दिवसांत अंग फुगतं आणि पोटावरचं सगळं बुजून जातं. स्पर्धेआधी हे करू नका म्हणून सांगितलं होतं. मी तेच करणार.

आज आई नळावर बसली ती उठेना. शेजारच्या दोघींनी धरून आणली. पंचवीस वर्षांचा झालो, तिचा हात एवढा हलका कधी लागला नव्हता.

तू जिंकलास. चैत्रात मी तुझ्या कुस्तीला आलो नाही आणि फाल्गुनात माझ्या स्पर्धेला मी जाणार नाही. फिटलं. आता गावात पेढे वाट.

निंबा


सुरत
ता. ६ मार्च १९६८

आबा,

हे पत्र इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. पूर्ण वाच, मधेच फाडू नकोस.

सोमवारी आणि मंगळवारी मी खाल्लं. खाल्लं काय, कोंबलं. पुष्पाबाई वाढत होती आणि डोळे पुसत होती, तिला वाटलं माझी सुबुद्धी परत आली. बुधवारी सकाळी पोट असं झालं होतं, की कुणी म्हणणार नाही याखाली काही होतं. मी आईपुढे उभा राहिलो. तिनं हात फिरवला, पुन्हा फिरवला, दाबून पाहिलं. मग दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. एवढं हसताना मी तिला वडील गेल्यापासून पाहिलेलं नाही.

पुष्पाबाईनं ज्वारीची भाकरी टाकली. आईनं पहिला तुकडा मोडला, दुसरा मोडला आणि तिसऱ्याला तिला उलटी झाली. आम्हाला वाटलं, रिकाम्या पोटी अन्न पडलं म्हणून. गुरुवारी पेज दिली. तीही पडली. पुष्पाबाई तिचं अंग पुसायला बसली आणि थांबली. मला हाक मारून म्हणाली, निंबा, इथे हात लाव.

बेंबीच्या वर, उजवीकडे. लिंबाएवढी. टणक. आबा, मला गाठ म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

डॉक्टर म्हणतात वर्ष-दीड वर्षाची आहे. अन्न खाली जात नव्हतं ते तिच्यामुळे. उपास म्हणून ती जे सांगत होती त्यातला निम्मा उपास नव्हताच, तिला जेवण जातच नव्हतं, आणि नवस होता म्हणून कुणाला सांगावंही लागलं नाही. एवढे दिवस हाताला का लागली नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, अंगावर मांस होतं तोवर लपली होती, वाळली तेव्हा वर आली.  हेच मी चौदा महिने शिकत होतो.

तिच्या अंगावरची चरबी तुझ्या घरात उतरली, आबा. उरलेली माझ्या खोलीत उतरली. आणि दोन्ही घरांत सगळे माझ्या पोटाकडे बघत होते. मी तर आरसाच लावला होता.

स्पर्धा रविवारी झाली. मी विचारणार नव्हतो, पण विचारलं. बारडोलीचा कुणीतरी पहिला आला. माझं नाव भोंग्यातून दोनदा पुकारलं, असं मगनकाका सांगत होते. ते काल इथे येऊन गेले आणि आईच्या पाया पडून गेले.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर म्हणतात, कापून काढली पाहिजे आणि लवकर काढली पाहिजे. निघेल अशी जागा आहे, पण थांबलं तर निघणार नाही. सोमवारची तारीख दिलीय. आणि आई नाही म्हणते.

भीतीनं नाही. ती खुशीत आहे. काल मला जवळ बसवून म्हणाली, "कानबाईनी मन्हं आयकं. तुन्ह्या गाठी मन्हा पोटमा उन्यात." माझ्या आठ तिच्या पोटात आल्या आणि मिळून एक झाली, असा तिचा हिशेब आहे. नवस बोलताना तिनं तसंच मागितलं होतं, पोराचं दुखणं मला दे. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, आई, तुझी वेगळी, माझ्या कधी नव्हत्याच. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "मी हाई काढी टाकसू, तं त्या परत तुन्हा पोटमा येतीन."

डॉक्टरांनी समजावलं. पुष्पाबाई भांडली. मी पायावर डोकं ठेवलं. ती सगळ्यांकडे मायेनं बघते, जसं लहान पोरांकडे बघावं, आणि कागदावर अंगठा देत नाही. ती मला वाचवतेय, आबा. आणि मला कधी कसलं दुखणं नव्हतंच, हे तिला पटवून देणारा माणूस जगात एकच आहे.

शिव्या द्यायच्या तर आणखी पुष्कळ आहेत, त्या मी ठेवून दिल्यात. माझ्यावरही तू दे, मी कमी केलेलं नाही. पण शनिवारची पॅसेंजर पकड. तिच्यासमोर बस. म्हशीचं सांग, म्हणजे तिला तू तूच वाटशील. मग सांग, की पत्रातल्या गाठी म्हणजे पैलवानाच्या गाठी होत्या, तुला वाचतानाच कळलं होतं, आणि ती रडत असताना तू मुद्दाम गप्प बसलास. गैरसमज झाला असं म्हणू नकोस. गैरसमज म्हटलंस तर ती तुला सांभाळून घेईल आणि अंगठा देणार नाही. मी लबाडी केली, असंच म्हण. तोंडावर म्हण.

त्यानंतर तू वाचलेलं काही ती खरं मानणार नाही. मानू नये.

निंबा